जहाजाखालचा तीळ

मी एक खोटं नाणं बोलतोय. दचकू नका. आजवर लोकांनी माझ्या चेहऱ्याकडून खोटं बोलून घेतलं. तोंड उघडायची पाळी आज पहिल्यांदाच आली आहे, तेव्हा खरं तेच सांगतो.

माझा जन्म टांकसाळीत झाला नाही. बंद पडलेल्या एका गॅरेजात झाला. एका ओताऱ्यानं कुठूनतरी जुनं, अस्सल चांदीचं नाणं पैदा केलं, रबराच्या साच्यात त्याचा ठसा घेतला आणि त्यात कथील-जस्ताचा रस ओतला. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला केसांत कणसं माळलेल्या बाईचं डोकं, खाली साल. टांकसाळीत नाणं दाबानं ठोकतात, त्यामुळे त्याची अक्षरं धारदार उभी राहतात. मी पडलो ओतीव. माझी अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी, आणि तीही दोन आंघोळींनंतरची. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे माझ्या कडेवर शिवण आली होती, ती कानशीनं घासली. मग चांदीचा मुलामा, मग जुनाट दिसावं म्हणून काळं औषध, मग वाळूच्या डब्यात घोळणं. सकाळी जन्मलो आणि दुपारपर्यंत म्हातारा झालो.

साच्यात एक खोट राहिली. जहाजाच्या तळाशी, लाटांच्या जरा वर, रबरात बुडबुडा अडकला होता. त्यामुळे तिथे खसखशीएवढा उंचवटा आला. ओताऱ्याच्या ते लक्षात आलं, पण "एवढं कोण बघतंय!" म्हणून त्यानं सोडून दिलं. डोक्याच्या बाजूचे साचे त्यानं वेगवेगळे केले, प्रत्येकावर वेगळं साल. जहाजाच्या बाजूचा साचा मात्र सगळ्यांना एकच. म्हणजे आम्ही भावंडं वेगवेगळ्या सालांत जन्मल्याचं सांगायचो आणि सगळ्यांच्या अंगावर एकाच जागी तोच तीळ!

जुन्या सामानाच्या बाजारात एक विक्रेता आम्हाला विकायचा. चादरीवर तो आमच्यातलं एकच मांडायचा, बाकीचे त्याच्या खुर्चीखाली मोज्यात. एक गेलं की दुसरं वर. गोष्ट प्रत्येकाला तीच. "आजोबांच्या पेटीत सापडलं हो. मला काय कळतंय त्यातलं! निम्म्या भावात देऊन टाकतो." ज्याला काहीच कळत नाही, त्याला निम्मा भाव किती हे कसं कळलं, असं कुणी विचारायचं नाही. एखाद्यानं खिशातून छोटा वजनकाटा काढला की याला लगेच घाई व्हायची. "ते दुसरे साहेब येतायत घ्यायला, तुम्ही राहू द्या." घाईत माणूस नाणं बघत नाही, स्वतःचं नशीब बघतो.

मला घेतलं ते चष्मेवाल्यानं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, डोळेही तोच तपासायचा आणि नाणी जमवायचा नाद फार जुना. त्यानं मला तळहातावर हलकंसं उडवून पाहिलं, कडेवरून नख फिरवलं, भिंगातून जहाज पाहिलं आणि हसला.

"खोटं आहे," तो हळूच म्हणाला.

विक्रेत्याचा चेहरा उतरला. "साहेब, ओरडू नका."

"ओरडतोय कुठे? आणखी कोणती सालं आहेत, ते दाखव."

त्यानं मोज्यातून आम्हा चौघांना वेचून घेतलं. एका सालाची तर दोन. खरं समजून घेणारे पुष्कळ पाहिले होते. खोटं म्हणून ओळखून, निवडून, पैसे मोजून घेणारा हा पहिलाच. फसणारा माणूस मला समजतो. हा माणूस मला समजेना. त्याच्या रुमालात गुंडाळला गेलो तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

चष्मेवाला दर रविवारी सकाळी डॉक्टरांकडे जायचा. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. गाईच्या पोटात वासरू आडवं आहे की उलटं, हे त्यांनी आयुष्यभर कोपरापर्यंत हात घालून बोटांनी ओळखलेलं. नाणी हा त्यांचा एकमेव शौक, आणि चष्मेवाला त्या शौकातला सोबती. दोघांची दोस्ती इतकी जुनी की एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. पण गेल्या काही वर्षांत डॉक्टरांच्या नजरेचा मधला भाग विझत गेला होता. कडेकडेचं दिसायचं. ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच दिसायचं नाही. हा आजार सगळ्यात आधी चष्मेवाल्यानंच ओळखला होता. डॉक्टरांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्याच्याइतकं बिनचूक कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरात डॉक्टर आणि त्यांची सून. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला, सुट्टी मिळेल तसा यायचा. सूनबाई घरीच केक करून विकायची. तिचं स्वयंपाकघर म्हणजे भट्टी, भांडी आणि चिमूटभर सोडाही मोजून घालणारा एक इवलासा इलेक्ट्रिक काटा.

त्या आठवड्यात घराला रंग लावून झाला होता. कपाटं हलली, सामान या खोलीतून त्या खोलीत गेलं. नाण्यांचे ट्रेही सूनबाईनं आपल्या खोलीत नेऊन ठेवले आणि काम संपल्यावर परत जागेवर लावले. रविवारी चष्मेवाला आला, डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढून कपाट उघडलं. मखमली खाचांत नाणी बसवलेला लाकडी ट्रे टेबलावर आला. चष्मेवाला एकेक नाणं उचलून त्याचं वर्णन करायचा, डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे. तेवढंच आता त्यांचं बघणं उरलं होतं.

"वा! काय झळाळी आहे रे!" चष्मेवाला म्हणाला. त्याचा डावा हात बोलण्याबरोबर हवेत फिरत होता. उजव्या हातानं त्यानं एका खाचेतलं खरं नाणं उचललं आणि तिथे मला ठेवलं. खाच माझ्याच मापाची होती. मखमल अजून उबदार होती, आणि मी तिथे चोरासारखा बसलो. चोरासारखा काय, चोरीतलाच.

"रंगाच्या गडबडीत सगळं नीट राहिलं ना रे?" जाता जाता तो सहज म्हणाला. "नाही, घर म्हटलं की किल्ली चार हातांत फिरते. आपलं बघून घे हो."

तो गेल्यावर डॉक्टरांनी ट्रेवरून बोटं फिरवली. दर रविवारची सवय होती ती. बोटं माझ्यावर आली आणि थांबली. अंगठा माझ्या कडेवरून सरकला, कानशीच्या जागी अडखळला. मग त्यांनी मला दोन बोटांच्या टोकांवर तोललं आणि दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारली. खरी चांदी अशा वेळी घंटीसारखी वाजते, आवाज बराच वेळ हवेत राहतो. मी नुसता 'ठक' म्हणालो.

डॉक्टरांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलंय. आता आरडाओरडा होणार, म्हणून मी वाट बघत राहिलो.

आतून सूनबाईचा आवाज आला, "बाबा, सगळं जागेवर आहे ना? मी लावलंय सगळं, पण तुम्ही एकदा हात फिरवून बघा."

डॉक्टरांचा हात माझ्यावर घट्ट मिटला. "हो गं," ते म्हणाले, "सगळं आहे."

त्या दिवसापासून घराला जणू कुणी आतून कडी घातली. डॉक्टर जेवायला बसत, पण सूनबाईशी हो-नाहीपलीकडे बोलत नसत. तिनं विचारलं, "तब्येत बरी नाही का?" तर म्हणाले, "वय झालं." मुलाचा फोन आला की घसा खाकरून दुसरंच बोलत. कपाटाची किल्ली आता ते झोपतानाही उशाशी ठेवत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ट्रेवरून बोटं फिरवणं त्यांनी बंद केलं. आणखी एखादं नाणं बदललेलं सापडलं तर? घरातलंच कुणी आहे हे पक्कं झालं तर? त्या धास्तीनं त्यांनी हातच लावला नाही, आणि चष्मेवाल्याचं फावलं. पुढच्या रविवारी, सूनबाई केक पोचवायला गेली असताना, माझी आणखी दोन भावंडं माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघेनासे झालो.

अखेर एका दुपारी डॉक्टर मला आणि दुसऱ्या एका खऱ्या नाण्याला घेऊन स्वयंपाकघरात आले. सूनबाई मैदा चाळत होती.

"हात धू," ते म्हणाले. "यातलं एक खोटं आहे. कोणतं ते सांग."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी सासरे आपणहून बोलले होते. "परीक्षा घेताय होय माझी?"

"हो. परीक्षाच."

ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. बघून उपयोगही नव्हता. ते ऐकत होते. आवाज अडखळतो का, श्वास चुकतो का, हात उगाच घाई करतो का. आजारी जनावर बोलून दाखवत नाही, अंगावरच्या थरथरीतून ते ओळखावं लागतं. तसे ते ऐकत होते. आणि मी ओट्यावर पडून मनात म्हणत होतो, बाई, मला ओळख. मला ओळखलंस तरच तू सुटशील.

सूनबाईनं आधी खरं नाणं काट्यावर ठेवलं, मग मला. "हे जवळजवळ तीन ग्रॅम हलकं आहे. झिजलंय का? पण झिजलेलं असतं तर बाईचे केस सपाट झाले असते, आणि केस तर दोन्हींवर सारखेच आहेत." तिनं फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावलं. मी चिकटलो नाही. "चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे हेही चांदीचं?"

"चुंबकानं फक्त लोखंड कळतं," डॉक्टर म्हणाले. "चिकटलं तर खोटं. नाही चिकटलं तर काहीच ठरत नाही. कड बघ."

तिनं मला खिडकीशी नेलं. "कडेचे दाते इथे पुसट झालेत. कुणीतरी घासलंय. आणि हा काय, जहाजाखाली बारीक फोड आहे." मग तिनं आम्हाला एकेक करून बोटाच्या टोकावर तोललं आणि चमच्यानं टिचकी दिली. खरं नाणं गात राहिलं. मी ठक.

"हेच! हेच खोटं, बाबा!" ती लहान मुलीसारखी ओरडली. "आलं मला! कुठून आणलंत हे?"



तिनं माझ्यावरचं साल वाचलं, आणि तिचा आवाज खाली आला. "पण हे... हे साल तर आपल्या ट्रेमध्ये आहे. बाबा, हे आपल्याच ट्रेमधलं आहे का?"

"हो."

"कधीपासून?"

"रंगकाम झाल्यापासून."

भट्टीचा टायमर किणकिणला. तिनं तो बंद केला नाही. "म्हणजे इतके दिवस तुम्ही..." ती ओट्याला धरून उभी राहिली. "ही परीक्षा नाण्याची नव्हती. माझी होती."

डॉक्टरांनी मान हलवली. नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

मला वाटलं, आता ही निघून जाणार. ती गेली, पण आतल्या खोलीत. ट्रे घेऊन परत आली. जहाजाची सगळी नाणी तिनं ओट्यावर मांडली आणि भिंग लावून एकेक बघत गेली. "हा बघा तोच फोड. आणि हा. बोट लावून बघा. तीन वेगवेगळ्या सालांच्या नाण्यांना एकाच जागी एकच तीळ कसा असेल?"

डॉक्टरांचं बोट आम्हा तिघांवरून गेलं. परत फिरलं आणि तिळावरच थांबलं.

मग तिनं मोबाइल काढला. "रंगकाम संपल्यावर ट्रे जागेवर ठेवला, तेव्हा मी फोटो काढून यांना पाठवला होता. बाबांचं धन सुखरूप आहे म्हणून. यात जहाजं वर आहेत. मोठं करून बघतेय. तीळ नाही बाबा. एकालाही नाही."

"मला दिसत नाही गं फोटो."

"माहीत आहे." तिनं मोबाइल ओट्यावर ठेवला. "मी सांगतेय ते खरं मानायचं की नाही, हे तुम्हाला ठरवावं लागेल. याला काटा नाही."

केक करपल्याचा वास सुटला. मग डॉक्टर म्हणाले, "खरं मानलं."

"मग त्यानंतर कपाट कधी उघडलंत?"

"फक्त रविवारी."

रविवारी येणारा एकच होता.

रविवारी चष्मेवाला नेहमीसारखा आला, नेहमीसारखी शिवी हासडून बसला. सूनबाईनं चहा ठेवला आणि दाराशीच उभी राहिली. डॉक्टरांनी ट्रे स्वतः पुढे ओढला.

"आज मी दाखवतो, तू बघ," ते म्हणाले आणि एकेक नाणं बोटावर घेऊन वाजवू लागले. घंटी. घंटी. मग मी. ठक.

चष्मेवाल्यानं कप खाली ठेवला. "जुनं झालं की आवाज बसतो रे."

"माणसाचा बसतो. चांदीचा नाही." डॉक्टरांनी माझी दोन भावंडंही वाजवली. ठक. ठक. "कुठे आहेत माझी तीन नाणी?"

"तू मला विचारतोस? घरातल्यांना विचार की!" त्यानं दाराकडे पाहिलं.

"तिला विचारून झालं. त्याची शरम मला मरेपर्यंत पुरेल. आता तुला विचारतोय."

चष्मेवाला उठला, परत बसला. कपाळ पुसलं. आणि मग जे बोलला, ते ऐकून माझ्या अंगावरचा मुलामाही थंड पडला.

"विकली नाहीत मी," तो म्हणाला. "माझ्याकडेच आहेत. रोज बघतो त्यांच्याकडे. तुला आता दिसतात का ती? नाही ना? मग तुझ्या कपाटात अंधारात पडून काय उपयोग त्यांचा? तुला वर्णनच ऐकायचं ना, ते तर मी करतच होतो! दर रविवारी न चुकता करत होतो!"

डॉक्टरांनी डोळे उघडले. समोरचा माणूस त्यांना दिसत नव्हता. फक्त कडेची भिंत आणि दाराशी उभी असलेली सूनबाई दिसत असेल.

"जा," ते म्हणाले. "ती तुझ्याबरोबर येईल. तिच्या हातात दे."

सूनबाईनं आम्हा तिघांना पिशवीत टाकलं, वर काटाही टाकला. दुकान रविवारी बंद असायचं. चष्मेवाल्यानं अर्धं शटर उचललं. भिंतीवर चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा ओळीनं टांगलेल्या. सगळ्या तिच्याकडे बघताहेत असं वाटत होतं. त्यानं खण उघडला, तीन नाणी काचेवर ठेवली.

"घे. आणि डॉक्टरला सांग, झालं गेलं विसर."

तिनं भिंग काढलं. एक पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. तीळ कुठेच नव्हता. ती नाणी उचलणार, तेवढ्यात पिशवीच्या तोंडातून मला तिसरं नाणं दिसलं, आणि मी ओळखलं. तो माझा भाऊ होता. मोज्यातून आलेला चौथा. त्याच्या जहाजाखालचा तीळ कुणीतरी सफाईनं खरवडून काढला होता. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. बाई, एकाच खुणेवर विसंबू नकोस! खूण पुसता येते!

सूनबाईनं काटा बाहेर काढला.

"आता मलाही तपासणार?" चष्मेवाला हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "अगं, लहानपणापासून तुझा नवरा मला काका म्हणतो."

"हो काका. मला तपासलं, मग तुम्हाला का नाही?"

पहिलं नाणं बरोबर भरलं. दुसरंही. तिसरं ठेवलं आणि आकडा तीन ग्रॅम अलीकडेच थांबला. तिनं ते उचलून बोटावर वाजवलं. ठक. मग हात पुढे करून उभी राहिली. चष्मेवाल्याचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला, आणि तिथून माझं खरं रूप बाहेर आलं. ज्याच्या खाचेत मी बसलो होतो ते नाणं. अक्षरं धारदार, कडेचे दाते अखंड. काचेवर ठेवताच त्याचा आवाज दुकानभर फिरला. मी आजवर त्याचंच नाव लावून जगत होतो. समोरासमोर आलो तेव्हा मान वर करवेना.

ती आम्हा चौघांनाही घेऊन आली. घरी आल्यावर तिनं हातोडी-छिन्नीनं आमच्या प्रत्येकाच्या जहाजावर आडवा खोल घाव घातला, पुन्हा कुणाच्या चादरीवर किंवा मोज्यात आम्ही जाऊ नये म्हणून. दुखलं. पण हलकंही वाटलं. घावातून माझं आतलं राखाडी अंग दिसतं, आणि आता ते लपवायचं कारण उरलेलं नाही.

डॉक्टर आणि सूनबाई यांच्यात सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "माफ करायला वेळ लागेल बाबा. पण पुढच्या वेळी मनात ठेवू नका, विचारा." आता ती त्यांना नाणी वर्णन करून सांगते. झळाळी-बिळाळी म्हणत नाही, ओरखडा असेल तर ओरखडाच सांगते. नव्यानं नाणी जमवू लागलेली माणसं कधीमधी घरी येतात, तेव्हा ती आम्हाला त्यांच्या हातात देते. तुमच्याही हातात कधी आलो, तर विनंती एवढीच. आधी माझी गोष्ट ऐकू नका, मला तोला. कड बघा, कान लावा, भावंडं शेजारी ठेवून तीळ शोधा. विकणारा घाई करत असेल किंवा काट्याला घाबरत असेल, तर खिसा बंद करून पुढे चला. नाणं हातचं गेलं तरी दुसरं मिळतं.

पण एक प्रश्न मला सुटलेला नाही. परवा रविवारी डॉक्टर खुर्चीत बसले होते. समोर दुसरा कप नव्हता. अचानक म्हणाले, "अगं, ती तीन नाणी खोटी होती, हे कळलं. पण त्याच्याआधीचे इतके रविवार? तेही खोटेच होते का?"

सूनबाईचे हात पिठात होते. ती म्हणाली, "मला नाही सांगता येत, बाबा."

मलाही नाही सांगता येत. मी आपला कथील-जस्ताचा. स्वतःपुरतं खरं बोललो, आता रजा घेतो.